खोकला छातीत, मग लिव्हरला काय झालं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. माझे मिस्टर ४४ वर्षांचे, उद्यमनगरात लेथवर काम करतात. गेल्या आठवड्यात त्यांना कडक ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला. कारखान्यातले आणखी तिघं-चौघं तसेच पडले होते. चार दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर काढले. ६५०ची तापाची गोळी दिवसातून चार वेळा, सर्दीची गोळी तीन वेळा, शिवाय दुकानदारानं दिलेली अँटिबायोटिक. सासूबाई दोन्ही वेळा गुळवेलीचा काढा देत होत्या. ताप हटेना म्हणून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फ्लू आहे म्हणून सांगितलं आणि रक्त तपासायला दिलं. एसजीपीटी १४२, एसजीओटी ९६, बिलिरुबिन ०.९, प्लेटलेट्स १ लाख ९० हजार. डॉक्टर म्हणाले, व्हायरलमध्ये होतं असं, तीन आठवड्यांनी परत बघू. आता ताप गेलाय, खोकला आहे. पण रिपोर्टवरच्या लाल खुणा बघून घरात सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकलीय. तेल, हळद, मटण बंद. दोन वेळा उसाचा रस. रविवारी सासूबाई त्यांना गावाकडं, नाकात थेंब घालणाऱ्याकडं नेणार आहेत. मिस्टर शनिवारी मित्रांबरोबर थोडी घेतात, त्यानं झालं असेल का? नणंदेला सातवा महिना आहे, पुढच्या आठवड्यात ती बाळंतपणाला इकडं येणार. तिला हे लागेल का? आणि खोकला छातीत असताना यात लिव्हर आलं कुठून, हे मला कुणीच सांगत नाही.

उत्तर :

ताई, रिपोर्ट हातात घ्या आणि आधी बिलिरुबिनची ओळ बघा. ०.९ आहे. कावीळ म्हणजे रक्तातलं बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य वाढणं, आणि डोळ्यांत पिवळं दिसायला ते साधारण अडीच-तीनच्या वर जावं लागतं. मिस्टरांचं एकच्या आत आहे. त्यांना कावीळ झालेली नाही. सासूबाईंना आज एवढंच वाचून दाखवा, बाकीचं उद्या सांगितलं तरी चालेल.

लाल खुणा आहेत त्या एसजीपीटी आणि एसजीओटीवर. ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत कामाला असतात. पेशीला इजा झाली की तिथून गळून रक्तात येतात आणि तपासणीत सापडतात. निरोगी माणसात ती चाळीसच्या आसपासपर्यंत असतात, लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं. १४२ म्हणजे साडेतीन पट. वाढलंय, त्यात वाद नाही. पण या आकड्यावरून पेशींना धक्का बसला एवढंच कळतं. लिव्हर आपलं काम किती करतंय ते बघायला बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, लागते. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत एसजीपीटी हजाराच्या पुढं गेलेलं आम्ही डॉक्टर नेहमी बघतो, आणि त्यातली बहुतेक माणसंसुद्धा बरी होऊन कामाला लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न. फ्लूचा विषाणू नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या आतल्या अस्तरात वाढतो. लिव्हरमध्ये जाऊन तो सहसा ठाण मांडत नाही. त्याला मारायला शरीर टी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, फौज उभी करतं आणि ही फौज रक्तावाटे सगळीकडं फिरते. लिव्हरमधून दर मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त जातं, त्यामुळं ती तिथं पोचतेच. काम संपलेल्या पुष्कळशा टी-पेशी लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तिथंच संपतात. तिथं कुप्फर पेशी नावाच्या राखणदार पेशी असतात. त्यांची आणि या फौजेची गाठ पडली की जी झटापट होते, तिच्यात शेजारच्या काही लिव्हर पेशी नाहक मरतात. खासबागेच्या मैदानात मोठी कुस्ती सुटल्यावर गर्दी एकदम बाहेर लोटते आणि दारातल्या भेळेच्या गाड्याचं नुकसान होतं, तसं. गाडेवाल्याचं कुणाशी वैर नसतं, पण गाडा वाटेत असतो.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली उंदरांवर हे दाखवून दिलं. फ्लू झालेल्या उंदरांच्या लिव्हरला सूज होती, पण विषाणू तिथं नव्हता. सूज टी-पेशींमुळं आणि कुप्फर पेशींच्या मदतीनं आलेली होती. अशी सूज बहुतेक वेळा सौम्य असते आणि छातीतली लढाई संपली की काही आठवड्यांत ओसरते. कोविडच्या काळातही लाखो लोकांची ही एन्झाइम्स वाढलेली दिसली. त्या विषाणूला चिकटायला लागणारे एसीई-२ रिसेप्टर पित्तनलिकांच्या पेशींवर असल्यामुळं तिथं थेट इजेचीही शक्यता सांगितली गेली, पण बहुतेकांत वाढ थोडी होती आणि आपोआप उतरली.

दुसरी एक वाट आहे, ती गंभीर आजाराची. न्यूमोनिया वाढून रक्तातला ऑक्सिजन फार घसरला किंवा रक्तदाब पडला, तर लिव्हरच्या पेशी गुदमरतात आणि एसजीपीटी एकदम हजारांत जातं. असा माणूस आयसीयूत असतो. मिस्टरांचा या गोष्टीशी संबंध नाही. तिसरी बाब किरकोळ, पण त्यांच्या कामाच्या माणसाला लागू पडणारी : एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. फ्लूची अंगदुखी म्हणजे स्नायूंनाही मार बसलेला असतो. तेव्हा ९६ मधला काही वाटा मांड्या-पाठीचा असू शकतो.

आपल्याकडं पावसाळ्यात मात्र ताप आणि वाढलेलं एसजीपीटी दिसलं की फ्लू म्हणून लगेच मोकळं होता येत नाही. डेंग्यूत एसजीपीटी आणि एसजीओटी दोन्ही वाढतात, बहुधा एसजीओटी जास्त, आणि प्लेटलेट्स घसरतात. पंचगंगेला पूर येऊन गेला की लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येतो : डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, लघवी कमी. पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या काविळींची तर आपल्या जिल्ह्याला ओळख करून द्यायला नको. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती. मिस्टरांच्या बाजूनं बोलणाऱ्या गोष्टी अशा : खोकला ठळक आहे, कारखान्यात एकाच वेळी चारजण पडलेत, प्लेटलेट्स चांगल्या आहेत, बिलिरुबिन जागेवर आहे आणि ताप उतरलाय. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय. त्यांनी दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती, एवढीच माझी तक्रार.

तुमच्या पत्रात मला खटकली ती गोळ्यांची ओळ. हिशेब करू या. ६५०ची गोळी चार वेळा म्हणजे २,६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असतं, बहुधा ५००. तीन वेळा म्हणजे १,५००. दोन्ही मिळून ४,१००. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे, आणि आम्ही पुष्कळजण ३,००० वरच थांबतो. नेहमी पिणाऱ्याला किंवा लिव्हरचा जुना त्रास असलेल्याला २,००० च्या पुढं देत नाही. पाकिटं जपून ठेवली असतील तर उलटी करून बारीक अक्षरं वाचा. एका गोळीचं नाव वेगळं, दुसरीचं वेगळं, औषध एकच. घरोघरी हेच चाललेलं असतं आणि औषध विकणारा सांगत नाही.

पॅरासिटामॉल वाईट औषध नाही. योग्य मापात तापासाठी त्याच्याइतकं सुरक्षित दुसरं मी सांगू शकणार नाही. ते पचवताना लिव्हरमध्ये थोडासा विषारी पदार्थ तयार होतो आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याचा लगेच बंदोबस्त करतं. गोळ्या जास्त झाल्या की ग्लुटाथायोन अपुरं पडतं. आणि माणूस उपाशी असला तर ते मुळातच कमी असतं. म्हणून तापात चार दिवस नुसत्या रसावर ठेवणं आणि वर गोळ्या देणं ही जोडी मला अजिबात पसंत नाही. मिस्टरांनी मर्यादेच्या थोडंच वर, थोडेच दिवस घेतलंय आणि आता बंद आहे, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पुढच्या वेळी मात्र एकच गोळी, आणि दोन मात्रांत सहा तासांचं अंतर. घरात शाळकरी पोरं असतील तर त्यांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन द्यायची नाही. त्यातून रे सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होतो आणि त्यात लिव्हर आणि मेंदू दोन्ही सापडतात.

अँटिबायोटिकचं नाव तुम्ही लिहिलं नाही. विषाणूवर ती चालत नाही, हे सांगून सांगून आमची तोंडं दुखली. पण ती अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. लिव्हरला त्रास देणाऱ्या औषधांत तिचं नाव वरच्या ओळीत आहे, आणि तो त्रास कधी कधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी उगवतो : अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे. पुढच्या महिना-दीड महिन्यात असं काही झालं तर डॉक्टरांना त्या गोळीचा उल्लेख आठवणीनं करा. एवढ्या दिवसांनी तिची आठवण कुणालाच येत नाही.

सासूबाईंच्या काढ्याबद्दल जपून बोलतो, कारण काढा प्रेमानं दिलेला असतो. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती मान्य झाली नाही. वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असावी, असं त्यांचं म्हणणं. वादात न पडता माझं मत सांगतो. दारात आणून दिलेली वेल नक्की कुठली, हे तुम्हाला-मला ओळखता येत नाही. एसजीपीटी जागेवर येईपर्यंत काढा बंद. 'लिव्हर टॉनिक'ची बाटली कुणी सुचवली तर तिचे पैसे वाचवा.

आता रविवारची सहल. नाकात थेंब घालणारे बहुधा देवडांगरीचं फळ भिजवून त्याचं पाणी वापरतात. ते इतकं जहाल असतं की नाकाचं अस्तर सुजतं आणि कितीतरी वेळ पिवळसर पाणी गळत राहतं. बघणाऱ्याला वाटतं, कावीळ उतरली. बिलिरुबिन शरीराबाहेर जातं ते पित्तातून आतड्यात आणि थोडंसं लघवीतून. नाकातून ते गळत नाही. हे उपाय लोकांना पटतात त्याचं कारण साधं आहे : पाण्यातून आलेली कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपली आपण बरी होते, आणि मधे ज्यानं काही दिलं त्याच्या नावावर ती जमा होते. मिस्टरांना तर कावीळच नाही आणि नाक फ्लूनं आधीच सोलून निघालंय. सासूबाईंशी वाद घालू नका. सकाळी खिडकीच्या उजेडात मिस्टरांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून त्यांना पांढरं दाखवा. लघवी भरपूर पाणी प्यायल्यावर फिकट होते का ते मिस्टरांनाच बघायला सांगा. शब्दांपेक्षा हे लवकर पटतं. गावाला जायचंच असेल तर खुशाल जाऊन या, देवदर्शन करा, थेंब तेवढे नकोत.

जेवणाचं म्हणाल तर हळद पिवळी म्हणून माणूस पिवळा होत नाही. भाजीत-आमटीत पडते तेवढी हळद राहू द्या, फक्त हळदीच्या कॅप्सूल नकोत. तेलही नेहमीइतकं. मटण भूक लागली की सुरू करा. पांढरा रस्सा पहिल्या दिवशीसुद्धा चालेल, तांबड्याचा कट जरा बेतानं, आणि तेही खोकल्याच्या ठसक्यासाठी. लिव्हरची त्याला हरकत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला अंडी, डाळ, दूध, मासे यांची गरज असते. उसाच्या रसानं एसजीपीटी उतरत नाही. त्यात साखर भरपूर, म्हणून दोन ग्लास रोज नकोत. आणि रस्त्यावरच्या गाड्यावरचा रस, त्यातला बर्फ, ते ग्लास बुडवायचं बादलीतलं पाणी : कावीळ नसलेल्या माणसाला कावीळ व्हायची ही सरळ वाट आहे.

शनिवारच्या 'थोडी'बद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण पत्रातली तीच ओळ तुम्हाला जास्त छळत असावी. दारूनं लिव्हर सुजतं तेव्हा साधारणपणे एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीपर्यंत किंवा जास्त असतं. यांचं उलट आहे, एसजीपीटी वर. त्यामुळं दारू हे मुख्य कारण वाटत नाही. हे काही प्रमाणपत्र नव्हे, आणि थोडी म्हणजे किती, ते मिस्टरांनी डॉक्टरांना एकट्यात खरं सांगावं. रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत एक थेंबही नको. मला जास्त शंका येते ती आधीपासून असलेल्या फॅटी लिव्हरची. आजारापूर्वीचा एकही रिपोर्ट तुमच्याकडं नाही, मग १४२ पैकी किती फ्लूचे आणि किती जुने हे आज कुणीही सांगू शकणार नाही. चव्वेचाळिशीत पोट सुटलेलं असेल, घरात साखरेचा आजार असेल, तर ही शक्यता मोठी.

म्हणून तीन आठवड्यांनंतरची तपासणी चुकवायची नाही. बरं वाटलं की ती राहून जाते, आणि तीच खरी महत्त्वाची आहे. तेव्हा लिव्हरच्या तपासणीबरोबर उपाशीपोटीची साखर आणि हिपॅटायटिस बी व सीची चाचणी एकदा करून घ्या. खासगीत खर्च जड वाटला तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. आकडा उतरणीला लागला असेल तर आणखी महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बघायचं आणि विषय सोडायचा. तेवढ्यानंतरही वरच राहिला तर पोटाची सोनोग्राफी. मधल्या काळात डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी झाली, उलट्या थांबेनात, माणूस गुंगीत गेल्यासारखा किंवा असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त आलं, तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गेलेला ताप परत चढला किंवा धाप लागली तरीही तसंच. तो न्यूमोनिया असू शकतो.

राहता राहिली नणंद. वाढलेलं एसजीपीटी कुणाला लागत नाही, लागतो तो खोकला. फ्लू झालेला मोठा माणूस लक्षणं सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढं पाच ते सात दिवस तो पसरवतो. पुढच्या आठवड्यापर्यंत मिस्टरांचा हा काळ संपलेला असेल, खोकला रेंगाळला तरी. तरीही पहिले काही दिवस त्यांनी वेगळ्या खोलीत झोपावं आणि तिच्याजवळ बसताना मास्क लावावा. गरोदरपणात फ्लू जास्त जड जातो, म्हणून निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्यायला सांगा. ती कुठल्याही महिन्यात चालते आणि बाळालाही पहिले काही महिने तिचं संरक्षण मिळतं. तिला पिण्याचं पाणी उकळून द्या, उसाचा रस आणि बाहेरचा बर्फ बंद, कारण हिपॅटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या जिवावर उठतो. आणि तिला ताप आलाच तर मेडिकलच्या गोळ्यांवर चार दिवस काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तरच त्याचा पुरता उपयोग होतो.